मिस्तरींचा हव

"बोलते," असं म्हणून मिस्तरी हातोडी खाली घ्यायचे आणि मगच डावा तळहात इंजिनावरून उचलायचे. उजव्या हातात लांब दांड्याची छोटी हातोडी, डावा तळहात पत्र्यावर पसरलेला, डोळे मिटलेले. एक ठोका. मग थोडं थांबणं. मग "बोलते" किंवा "नाही बोलत". जो बोल्ट बोलायचा नाही त्याच्यावर खडूची फुली पडायची.

तळहात कशासाठी ठेवता, असं मी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. ते माझ्याकडे पाठ करून उभे होते. मी खांद्याला हात लावला तसे न वळताच "हव," एवढंच म्हणाले. म्हातारा कामात आहे, त्याला छेडू नये, असं समजून मी माझ्या टेबलाशी परत गेलो.

हे टेबल छोट्या लाइनीच्या शेडमध्ये होतं आणि मी तिथला बाबू. रायपूरहून अभनपूरला आणि तिथून पुढे दोन फाट्यांनी जाणारी ती अरुंद रुळांची लाइन तेव्हा अजून चालू होती, पण डिझेलवर. वाफेची इंजिनं केव्हाच भंगारात गेली होती. एकच उरलं होतं, शेडच्या मागे. त्याच्या धुराड्याला बोरीची फांदी टेकलेली असायची आणि कोळसा जाळायच्या पेटीत दरवर्षी एक कुत्री न चुकता विणायची. आम्ही सगळे त्याच्या सावलीत डबा खायचो. त्याचा याहून जास्त उपयोग आहे असं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि शहराला एकाएकी आपण साधे दिसतो याची लाज वाटायला लागली. चौकाचौकात कारंजी आली. राजधानी सजवायला एक समिती नेमली गेली आणि त्या समितीतल्या कोणाला तरी आमचं इंजिन आठवलं. एका बागेत चौथऱ्यावर उभं करू, म्हणाले. आमचे तेव्हाचे साहेब हौशी माणूस. ते म्हणाले, उभं काय करता, चालवूनच दाखवू. अभनपूरपर्यंत वाफेवर नेऊ आणि मग ठेवा बागेत. समितीने मान डोलावली. बॉयलरची कामं जाणणारा माणूस शोधायला साहेबांनी मला पिटाळलं आणि मी बीरगांवच्या एका गल्लीतून मिस्तरींना घेऊन आलो.

मिस्तरींना सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं, वडीलही याच लाइनीत खलाशी, म्हणजे शेडमधले मदतनीस. बायको गेलेली, एक मुलगी. जावई शेजारच्या उरला वसाहतीतल्या एका कारखान्यात. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खाली खिळ्याला टांगलेली ती हातोडी. मी कशासाठी आलो ते ऐकून, म्हणजे तेव्हा मला वाटलं ऐकून, त्यांनी पहिल्यांदा हातोडी खाली काढली आणि मग पायात चप्पल घातली.

अशा माणसाबरोबर तुम्ही कधी बाजारात गेला असाल तर मी काय म्हणतो ते कळेल. आमच्या मिस्तरींना काहीही ठोकून पाहायची सवय होती. गोल बाजारात मी एकदा बहिणीच्या लग्नासाठी पाणी भरायचा पितळी गुंड घ्यायला गेलो आणि त्यांना बरोबर नेलं, ही माझी चूक. त्यांनी दुकानातला एकेक गुंड डाव्या हातावर घेऊन उजव्या हाताच्या बोटाच्या गाठीने वाजवला. "नाही बोलत." दुसरा. "नाही बोलत." दुकानदार आधी हसला, मग त्याचा चेहरा पडला, शेवटी त्याने आतून एक जुना गुंड काढून दिला आणि म्हणाला, "बाबा, ये लो और जाओ." तो गुंड आजही आमच्या बहिणीकडे आहे. साहेबांचं नवं टेबल आलं तेव्हाही मिस्तरींनी सगळ्यांदेखत ते ठोकलं. "वरून सागवान, आतून भुसा," म्हणाले. साहेब हसले खरे, पण ते टेबल पुन्हा कोणाला दाखवलं नाही.

आणि त्यांचा तो हव. आमच्या विदर्भातही हव चालतो आणि छत्तीसगढीतही हो म्हणायला हवच. म्हणजे रायपूरच्या मराठी माणसाला दोन्हीकडून सूट. मिस्तरी ती पुरेपूर वापरायचे. मिस्तरी, चहा? हव. मिस्तरी, उद्या सुट्टी आहे. हव. मिस्तरी, ही फुली का मारली? हव. एकदा सोमवारी ते कामावर आले तर त्यांच्या मिशा गायब. चांगल्या झुबकेदार, पांढऱ्या मिशा होत्या. न्हाव्याने गालाला वस्तरा लावता लावता विचारलं असणार, काढू का म्हणून. "उन्हाळा आहे ना बापा," मिस्तरी ओठावर हात ठेवून म्हणाले. आम्ही दिवसभर हसलो. मीच सगळ्यात जास्त हसलो, हे आज सांगायला मला लाज वाटते.

मला खरं कळलं ते वैशाखात. मिस्तरी रुळांमध्ये उकिडवे बसून इंजिनाच्या खालचा भाग पाहत होते आणि शेजारच्याच रुळावरून डिझेल मागे मागे येत होतं. मिस्तरींचा पाय त्या रुळावर. ड्रायव्हरने भोंगा दिला. पुन्हा दिला. शेडमधली कबुतरं उडाली, मिस्तरी हलले नाहीत. मी धावत जाऊन त्यांना दंडाला धरून ओढलं. आम्ही दोघेही गिट्टीवर पडलो. मिस्तरी माझ्या तोंडाकडे पाहत होते, डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे.

त्या संध्याकाळी मी त्यांना घरी सोडायला गेलो. मुलगी दारातच होती. मी मराठीत विचारत होतो, ती हिंदीत उत्तरं देत होती. तिच्या वयाच्या बहुतेकांचं आमच्याकडे तसंच आहे.

"ऐकू येत नाही का त्यांना?"

"बहुत साल हो गए, भैया. भोंगा भी नहीं सुनते. होंठ देखके समझ लेते हैं." मग तिने आत पाहिलं आणि आवाज खाली आणला, जो खाली आणायची काही गरज नव्हती. "किसी को बताना मत. बता दोगे तो काम से निकाल देंगे. फिर ये जिएँगे नहीं."

मी शब्द दिला.

मिस्तरी बाहेर येऊन बाजेवर बसले. मुलीने सांगून टाकलं हे त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडावरून ओळखलं. "याच इंजिनानं खाल्ले माहे कान," ते म्हणाले. "तरुण होतो. बॉयलरच्या आतमंदी बसून बोल्ट धरून ठेवाचा, बाहेरून दुसरा ठोके मारे. दिवसभर. कानात कापूस बी कोनी सांगितला नाही तवा." मग हातोडी उचलून तिचा दांडा माझ्या मनगटावर टेकवला. "आता इकून ऐकतो. हाताले समजते. धड बोल्ट थरथरते, तुटलेला मुका राहते." मुलगी भांडी घासत होती, तिचा आवाज मला येत होता, त्यांना नाही. "पोरीचा आवाज कसा आहे मले माहीत नाही. लहानपनचा माहीत आहे. पन वाफेचं इंजिन निघालं ना बाबू, तं त्याचा आवाज कानात नाही येत, छातीत येते. तेवढा मले अजून ऐकू येईन. एक डाव ऐकाचा आहे."

एवढंच त्यांना हवं होतं. त्यांना चौथरा नको होता, बाग नको होती, हारतुरे तर नकोच. एकदा वाफ धरून ते इंजिन शेडबाहेर पडावं आणि त्याचा आवाज आपल्या छातीत यावा.

त्यानंतर आमची एक पद्धत पडली. साहेबांनी काही सांगितलं, बैठक झाली, की मी बाहेर व्हरांड्यात मिस्तरींसमोर उभा राहायचो, उजेड माझ्या तोंडावर येईल असा, आणि सगळं सावकाश पुन्हा सांगायचो. ते ओठ वाचायचे. "सांगजो मले बराबर," म्हणायचे. "अर्ध नको सांगू." बैठकीत ते हव म्हणायचे आणि खरं उत्तर मला बाहेर द्यायचे. काही बदलायचं असलं तर मी ते कागदात घुसवून द्यायचो. पाच-सहा महिने आमचं बिनबोभाट चाललं. बोरीची फांदी तोडली, कुत्रीला पिलांसकट दुसरीकडे हलवलं, आणि मिस्तरी फुल्या मारलेले बोल्ट एकेक करून बदलत गेले. खडूच्या फुल्या कमी होत चालल्या होत्या. बॉयलरमध्ये पाणी भरून दाबाची परीक्षा घ्यायची तेवढी राहिली होती.

आणि हौशी साहेबांची बदली झाली.

नवे साहेब वाईट नव्हते हो. तुम्हाला एखादा दुष्ट माणूस दाखवता आला असता तर मलाच बरं वाटलं असतं. सरळ, नियमाने चालणारे होते. पण बोलताना ते कागदाकडे पाहायचे. समोर माणूस बसला आहे आणि हे खाली मान घालून कागदाशी बोलताहेत, अशी सवय. भरीला वरच्या ओठावर मिशी, मिस्तरींनी न्हाव्याकडे हरवली होती तशीच.

त्यांच्या पहिल्याच बैठकीत मी टिपण लिहायला बसलो होतो. मिस्तरी समोर, मांडीवर टोपी. साहेब कागदाला म्हणाले, "इंजन चलाना रिस्क है. उद्घाटन की तारीख भी पास है. तो ऐसा करते हैं, अंदर का ताँबे का फायरबॉक्स निकाल लेते हैं, नलियाँ भी. खुले बगीचे में ताँबा दो दिन नहीं टिकेगा, चोरी हो जाएगा. बाहर से रंग-रोगन करके खड़ा कर देंगे." मग त्यांनी मान वर केली, मिस्तरींकडे पाहून छान हसले आणि म्हणाले, "आप तो पुराने जानकार हैं. चलेगा न?"

मिस्तरींनी हसू पाहिलं. "हव, साहेब," म्हणाले.

साहेबांनी टिपणाचा कागद पुढे सरकवला. इंग्रजीत होता. मिस्तरींनी खाली मराठीत, एकेक अक्षर कोरून सही केली.

मी तिथे होतो. माझ्या हातात पेन होतं. साहेब, यांना ऐकू आलेलं नाही, एवढं एक वाक्य होतं. ते म्हटलं असतं तर मिस्तरी त्याच दिवशी घरी गेले असते आणि मी मुलीला दिलेला शब्द मोडला असता. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. दुसरं कारण असं की नव्या साहेबांशी पहिल्याच दिवशी कोण वाकडं घेतो.

बाहेर व्हरांड्यात मिस्तरी नेहमीच्या जागी येऊन उभे राहिले. चेहरा खुललेला. "हसले साहेब," ते म्हणाले. "पानी भराची परवानगी भेटली ना?"

उजेड माझ्या तोंडावर होता. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते.

"हव," मी म्हणालो.

असं का म्हणालो ते सांगतो, माफीसाठी नाही. मी बाबू माणूस. सरकारी कागद वर्षभर फिरल्याशिवाय हलत नाही, हे माझ्या हाडीमासी मुरलेलं. हा कागद वर जाईल, तिथे शंका निघेल, परत येईल, तोवर हेही साहेब बदलतील, आणि मिस्तरी तेवढ्यात पाणी भरून परीक्षा उरकून टाकतील. पास झालेल्या इंजिनाला मग कोण हात लावतो? असा माझा हिशोब होता. आमच्या खात्यात अर्धी माणसं याच हिशोबावर नोकरी काढतात आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो.

या वेळी उद्घाटनाला मंत्री येणार होते. कागद अकराव्या दिवशी मंजूर होऊन परत आला.

परीक्षेचा पंप अजून यायचा होता आणि मिस्तरी तेव्हा अभनपूरला होते. त्यांची बहीण तिथे दिलेली, ती आजारी पडली म्हणून आठ दिवसांची रजा मागून गेले होते. जाताना मला बजावून गेले, "मी येईपर्यंत पानी नका भरू. पहिलं पानी मी भरीन." ठेकेदाराची माणसं गॅस-कटर घेऊन आली त्या सकाळी मी शेडमध्येच होतो. अभनपूरची गाडी आमच्याच फाटकातून सुटायची. त्यात बसलो असतो तर दीड-दोन तासांत त्यांच्यासमोर असतो. एखाद्या खलाशाबरोबर चिठ्ठी दिली असती तरी चाललं असतं. मी हजेरीपट भरत बसलो. तीन दिवस तांबं कापायचा आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी ट्रक भरून तांबं आणि नळ्या गेल्या आणि मागोमाग रंगारी आले.

मिस्तरी नवव्या दिवशी सकाळी आले. बहीण बरी होती, त्यांच्या पिशवीत तिने दिलेल्या कुरडया होत्या. इंजिनाला नवा काळा रंग पाहून त्यांनी भुवया उंचावल्या, बरा दिसतो अशा अर्थाने. पिशवी खाली ठेवली. डावा तळहात पत्र्यावर पसरला, डोळे मिटले आणि एक ठोका मारला.

थांबले. हात थोडा सरकवून दुसऱ्या बोल्टावर मारला. मग तिसऱ्यावर. मग खाली, मग डाव्या बाजूला. मी खिडकीतून मोजत नव्हतो, पण पुष्कळ मारले. पेटीचं दार उघडलं, आत हात घातला, मग डोकं घातलं. बराच वेळ ते तसेच कमरेपासून आत होते. बाहेर आले तेव्हा अंगावर काजळी नव्हती. आत काजळी धरायला काही उरलंच नव्हतं.

माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी एकच शब्द विचारला. "काहून?"

आणि मी, वाचकहो, ती फाइल काढली. सांगायला तोंड उघडायच्या ऐवजी मी फाइल उघडली आणि त्यांच्या सहीवर बोट ठेवलं. "साहेबांनी विचारलं होतं, मिस्तरी. तुम्ही हव म्हणाले."

हे वाक्य मी सावकाश म्हणालो, उजेडाकडे तोंड करून, आमच्या पद्धतीप्रमाणे.

त्यांनी सही पाहिली. आपलीच आहे याची खात्री करून घेतल्यासारखा तिच्यावरून अंगठा फिरवला. आवाज चढवला नाही. चढला असता तरी त्यांना कळला नसता.

"हव. त्याइले मी हव म्हटलं," ते म्हणाले. "पन बाहेर आल्यावर तुले मी विचारलं होतं."

पिशवी उचलून ते गेले. कुरडयांची एक पुडी माझ्या टेबलावर राहिली. बहुधा माझ्यासाठीच आणली होती आणि पिशवीतून आधीच काढून ठेवली होती. ती मी घरी नेली नाही आणि फेकलीही नाही. शिपायाने केव्हातरी नेली असावी.

त्यांच्या घरी मी दोनदा गेलो. पहिल्यांदा मुलगी म्हणाली, "सो रहे हैं." दुसऱ्यांदा तिने दार पूर्ण उघडलं नाही. "आपको तो सब बताया था न, भैया," म्हणाली. मी तिला काय सांगणार होतो ते मलाही ठाऊक नव्हतं. थंडीत मिस्तरी गेले. कसला म्हणावा असा आजार नव्हता. मला आठ दिवसांनी कळलं, तेही एका खलाशाकडून, चहाच्या टपरीवर. हातोडीचं काय झालं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ते इंजिन अजून त्या बागेत आहे. दर दिवाळीच्या आधी त्याला रंग देतात. लोक मुलांना त्याच्यावर बसवून फोटो काढतात आणि आत काय आहे ते कोणी पाहत नाही, कारण पेटीचं दार आता वेल्डिंगने बंद केलेलं आहे. मी त्या रस्त्याने जात नाही.

पण मिस्तरी मला शेवटचे दिसले ते तिथेच, उद्घाटनाच्या दिवशी. जुन्या माणसाचा सत्कार हवा म्हणून त्यांना गाडी पाठवून आणलं होतं. व्यासपीठावर मंत्री, साहेब, समितीची माणसं, आणि एका टोकाला खुर्चीत मिस्तरी, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. मिशा पुन्हा वाढल्या होत्या. लाउडस्पीकरवर वाफेच्या इंजिनाच्या शिट्टीची कॅसेट लावली होती. सगळे माना वळवून इंजिनाकडे पाहत होते. मिस्तरी समोर पाहत होते, आणि त्यांचा डावा तळहात छातीवर होता. तिथे काही येत नव्हतं.

साहेबांनी माइक हातात घेतला. त्या दिवशी कागद नव्हता तरी ते नारळाकडे पाहतच बोलले. "मिस्त्री जी, इंजन को फिर से देखकर खुशी हो रही है न?"

मिस्तरींनी काही ऐकलं नाही. सवयीने त्यांचे डोळे मला शोधू लागले. मी दुसऱ्या रांगेत होतो. मी उठून उभा राहिलो, ऊन तोंडावर घेतलं आणि सावकाश म्हणालो, "साहेब विचारून राहिले, आनंद झाला का?"

त्यांना समजलं. समजल्यावरही ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. माझं बोलून झालं होतं, माझे ओठ मिटले होते, तरी पाहत होते, अजून काही सांगायचं राहिलं असेल तर मी सांगावं म्हणून. पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून पाहायला लागली. मी खाली बसलो.

मग मिस्तरींनी माइककडे तोंड केलं. "हव," म्हणाले.

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.